पंजेवाला सोफा

चंदन : पडदा मरूनच पाह्यजे?

नागसेन : मरूनच. झालरवाला. जमिनीवर लोळला पाह्यजे.

चंदन : भाऊ, मी सुतार मानूस, पडद्याचं शिंप्याले सांगा. पन एक बोलू? हा इंग्रजाच्या जमान्यातला थाट आहे, व्हिक्टोरियन म्हनतात याले. उंच छताच्या बंगल्यात शोभते. तुमची खोली दहा बाय बारा, वरतं टिन.

नागसेन : शोभेसाठी नाई करून राह्यलो. माही बायको धुरपता बारा वर्षं मोहर्लीच्या जंगलातल्या रिसॉर्टात साफसफाईले होती. रोज घरी आली का तिथल्या बैठकीचंच सांगे. सोफ्याच्या पायाले वाघाचे पंजे, पाठीले द्राक्षाचे घड, आरशाभोवती पानंच पानं. मले तोंडपाठ झालं. तिच्या मनातलं राहून गेलं बाप्पा. पुढच्या महिन्यात तिले जाऊन वर्ष होते, पुण्यानुमोदन आहे. तवापर्यंत झालं पाह्यजे.

चंदन : वाघ बाहेर फिरून राह्यले, तुमी घरात आनून राह्यले. एक पंजा झाला पाहा. तीन राह्यले.

(दुर्गा भाजीचा डबा घेऊन दारात येते.)

दुर्गा : भाऊ, सकाळपासून चुलीले धूर नाई तुमच्या. हे खाऊन घ्या. अन् हे काय जी?

नागसेन : ओळख. तू तर तिच्यासंगच कामाले होती.

दुर्गा : ओळखीन नाई तर काय. पंजेवाला सोफा. धुरपताबाईचा दुश्मन.

नागसेन : काय म्हनली?

दुर्गा : शिव्या देऊन देऊन पुसे ती त्याले. गुडघे टेकून, काडीले फडकं गुंडाळून, एकेका नखातली धूळ काढा लागे. ज्यानं कोरलं त्यालेच एक दिवस पुसाले लावा म्हने. घरी नाई बोलली कधी?

नागसेन : बोले ना. रोजच बोले.

दुर्गा : मंग?

नागसेन : मले वाटलं, आवडते तिले.

दुर्गा : आमाले त्याच्यावर बसूही देत नव्हते जी.

नागसेन : तेही सांगे. म्हनून तर वाटलं.

चंदन : भाऊ, बाकीचे तीन पाय साधे करून देतो. झालेला पंजाही तासून टाकतो. लाकूड वाया नाई जात.

दुर्गा : साधेच करा.

नागसेन : एक पाय पुसाले किती वेळ लागे तिले?

दुर्गा : आता काऊन विचारता?

नागसेन : सांग ना.

दुर्गा : पाव घंटा. पावसाळ्यात बुरशी धरे, तवा जास्तच.

नागसेन : रातच्याले गुडघ्याले तेल चोळून दे म्हने. मी म्हनो, म्हातारी होऊन राह्यली तू.

चंदन : मंग साधे करू ना?

नागसेन : नाई. चारही पंजे कर. एक नख सोडू नोको.

दुर्गा : अन् पुसन कोन?

नागसेन : मी. मलेही गुडघे आहेत.