शेंड्यावरची काठी

आओको : छपरासाठी आणून झाडाखाली ठेवलेल्या माझ्या पत्र्यांवर आता कोंबड्या झोपायला लागल्यात. रोज सकाळी धुवावे लागतात.

अपोंदी : झाकून ठेव मग.

आओको : झाकलेत. झाकून तरी किती दिवस ठेवायचे, थोरल्याबाई? काल बाजारातून येताना टेकडीवरून खाली बघितलं. अख्खं गाव चमकतंय, आणि मधे आपल्या अंगणातली गवताची दोन घरं. न्हाव्याच्या वस्तऱ्यातून राहून गेलेल्या केसांसारखी दिसतात.

अपोंदी : तुझ्या घरावर तू घाल ना पत्रा. तुझे पैसे तुझ्या फोनवर आले, माझे माझ्या. पैसे वाटणाऱ्या त्या संस्थेच्या मुलीनं सांगितलंच होतं, एका घराचा दुसऱ्या घराशी संबंध नाही म्हणून.

आओको : तिला सांगायला काय जातंय? ती नैरोबीची. थोरल्या बायकोचं छप्पर आधी, धाकटीचं मागून, हे तिला कोणी शिकवलंय? तुमच्याआधी मी पत्रा चढवला तर माझ्या नातवंडांना भोवेल.

अपोंदी : दर रविवारी चर्चला जातेस. पाद्र्याला विचार की.

आओको : चर्चला जाते, पण राहते तर इथेच ना.

अपोंदी : ते खरं.

आओको : परवाच्या पावसात माझी नात आचिएंग रात्रभर बसून होती. पोरीला आडवं व्हायला कोरडी जागा नाही. ठेवायला भांडी उरली नाहीत, थेंब मोजून कुठे कुठे ठेवू?

अपोंदी : माझ्याकडे पाठव तिला.

आओको : तुमच्याकडे कुठे कोरडं आहे? तुम्ही स्वतः खाट ओढून दाराशी आणलीय.

अपोंदी : गळतं म्हणून नाही आणली. मी दाराशीच झोपते. तू नवी नवी होतीस तेव्हा आत झोपायचे.

आओको : माहीत आहे मला.

अपोंदी : हे घर शाकारलं तेव्हा तू या अंगणात आली नव्हतीस. नदीकाठी डोक्याच्या वर गवत असायचं. आम्ही बायका पहाटे कापायला जायचो, सासू पुढे, आम्ही मागे. भारे घेऊन येताना गाणं म्हणायचो. गाणं संपायच्या आत घर आलं पाहिजे, असा नेम होता. सासू मुद्दाम कडवी गाळायची.

आओको : आता तिथं मका आहे. गवत विकत मिळतं, तेही नासकं. दोन पावसाळे टिकत नाही.

अपोंदी : घरधन्यानं, ओगुतूनं, दार उंच ठेवलं. शाकारणारा म्हणाला, एवढं उंच दार केलं तर पाऊस आत येईल. हा म्हणाला, पाऊस येऊ दे, मला माझ्याच घरात वाकून जायचं नाही. मग शेवटी स्वतः वर चढला आणि शेंड्यावर काठी रोवली. खाली उतरून माझ्याकडे बघून म्हणाला, दिसते ना लांबून?

आओको : दिसते अजून. पत्र्याच्या छपरावर ती ओसुरीची काठी रोवता येत नाही, एवढंच तुमचं दुखणं आहे. गवत उतरवलं की काठी उतरवावी लागणार.

अपोंदी : आणि काठी उतरवली की?

आओको : मला कशाला बोलायला लावता. घरधनी गेला, की काठी काढतात.

अपोंदी : हं. तो मोंबासाला गेला. पुढचं कोणाला माहीत आहे?

आओको : तुमचा ओडुओर बंदरात जाऊन शोधून आला. आठ दिवस फिरला पोरगा. कोणी म्हणे ओगुतू नावाचे चार होते, कोणी म्हणे एकही नव्हता. तेव्हा ओडुओरला मिसरूड फुटत होतं, आता त्याचा मुलगा शाळेत मास्तर आहे.

अपोंदी : त्या संस्थेच्या मुलीला मी विचारलं होतं, या पैशांचं काय करायचं ते तूच सांग. ती म्हणाली, आजी, काहीही करा. गाय घ्या, छप्पर घाला, नुसते ठेवा, परत द्यायचे नाहीत. मी म्हटलं, तरी पण, लोक काय करतात? ती हसली. म्हणाली, आम्ही सांगत नसतो. तीनदा विचारलं मी तिला.

आओको : बरंच की. हुकूम नाही, हिशेब नाही.

अपोंदी : हुकूम असता तर बरं झालं असतं. सरकारनं म्हटलं असतं, पत्रा घाला नाहीतर पैसे परत घेऊ. मग काठी सरकारनं काढली असती. मी काढली नसती.

आओको : ओचोला येतोय बघा. जेवणाच्या वेळेला बरोब्बर.

ओचोला : वहिनींनो, घरात आहात का?

अपोंदी : अंगणात बसलोय, दिसत नाही का? ये. बस.

ओचोला : पत्र्यांवर कोंबड्या हगल्यात.

आओको : तुमचे पत्रे आणा की, त्यांच्यावर नाही हगणार.

ओचोला : लावा, मीठ लावा जखमेला.

आओको : मग काय तर. गावभर सांगत कोण फिरत होतं? हा सापाचा पैसा आहे, घेतला तर साप उशाशी येऊन झोपेल. फॉर्मवर अंगठा द्यायलाही गेला नाहीत.

ओचोला : तो शेजारच्या गावचा प्रचारक म्हणाला होता. आता त्याच्याच घरावर निळा पत्रा आहे. मी साप शोधायला जातो कधी कधी त्याच्याकडे.

अपोंदी : आओको, याला ओमेनाची मासळी वाढ. सोबत मक्याच्या पिठाचा कुओन घे, ताजा घाटलाय ना?

ओचोला : जेवतो, पण आधी बोलू द्या. पुन्हा तेच बोलतोय म्हणून चिडू नका, थोरल्या वहिनी. नदीच्या वळणावर यागोच्या झाडाला फळं धरलीत. हातभर झालीत एकेक. सोडलं तर गळून कुजतील.

अपोंदी : दरवर्षी धरतात.

ओचोला : दरवर्षी मी येऊन सांगतो. ज्याचं शरीर सापडत नाही त्याच्यासाठी आपल्यात यागोचं फळ पुरतात. आजोबांच्या भावाला बर्माच्या लढाईनंतर तसंच पुरलं. ती जागा अजून आहे, आपण तिथं पाणी घालतो. ओगुतूला मात्र जागा नाही. तो माझा थोरला भाऊ आहे, वहिनी. मलाही म्हातारपण आलंय.

अपोंदी : मी काय म्हणायचे तुला?

ओचोला : पैसा नाही म्हणायचात. बैल कापायचा, माणसं जेवायला घालायची, चार दिवस गाव येणार. खरंच नव्हता पैसा. म्हणून मी गप्प बसायचो.

अपोंदी : आता आहे.

ओचोला : आता आहे.

अपोंदी : पैसा नाही म्हणत होते, तोवर तो जिवंत होता. मला काहीच करावं लागत नव्हतं. आता फोन उघडला की तो आकडा दिसतो आणि मला वाटतं, हा माझ्याकडे बघतोय.

ओचोला : बैलही घ्या आणि पत्राही घाला. दोन्ही होईल त्यात. धाकट्या वहिनींची नात तरी कोरडी झोपेल.

अपोंदी : पत्र्यावर पाऊस कसा वाजतो ऐकलंयस? ओडुओरकडे राहिले होते मी. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बाहेरून कोणी हाक मारली तर कशी कळणार?

आओको : थोरल्याबाई.

अपोंदी : काय?

आओको : तो माझाही नवरा होता.

अपोंदी : मी कुठे नाही म्हटलं?

आओको : तुम्ही दाराशी झोपता. मी कुठे झोपायचं? माझ्या छपरावर काठी नाही, ती तुमच्या घराची. मी पंचविशीची होते तो गेला तेव्हा. ना मी नवऱ्याची, ना विधवा. बाजारात बायका विचारायच्या, काही कळलं का? पुढं विचारायच्या बंद झाल्या. मला छपराचं एवढं नाही. गळतंय तर गळू दे. मला एकदा रडायचंय. माणसं आली, ओरडून रडली, जेवली, गेली, असं. दाराआड तोंड दाबून नको.

अपोंदी : रड ना मग. तुला कोणी धरलंय?

आओको : तुम्ही धरलंय.

ओचोला : धाकट्या वहिनी, जरा दमानं.

अपोंदी : बोलू दे तिला. बरोबर बोलतेय. ऐक आओको, तुला एक सांगते. मला रडू येत नाही. सासूला पुरलं तेव्हा आलं, बहिणीला पुरलं तेव्हा आलं. त्याचं नाव घेतलं की इथं छातीत काहीच होत नाही. अंगाखाली दबून हात बधिर होतो ना, तसं. आणि अख्खं गाव येऊन बसलं, टाहो फोडायला लागलं आणि मी नुसती बसून राहिले तर? लोक म्हणतील, थोरली बायको आणि डोळा कोरडा.

आओको : म्हणून टाळत होता?

अपोंदी : म्हणूनही.

आओको : तुम्ही नुसत्या बसा. मी रडेन. दोघींच्या वाटचं रडेन, कोणी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

अपोंदी : माहीत आहे. कोंबडी धरायला गेलीस तरी नदीपलीकडे ऐकू जातं.

ओचोला : मग मी काय समजू?

अपोंदी : जेवून घे आधी. गार होतंय. उद्या फळ काढून आण, मोठं बघून. त्याचा पांढरा सदरा माझ्या पेटीत आहे, त्यात गुंडाळू.

(दुसरा दिवस, सकाळ. ओचोला छपरावर चढला आहे. दोघी खाली उभ्या आहेत.)

ओचोला : वहिनी, काढू ना?

अपोंदी : वर चढून विचारतोस? काढ.

ओचोला : हलत नाही. धाकट्या वहिनी, शिडी धरा घट्ट. हां, आली. अरे, ही तर हलकी आहे कापसासारखी.

आओको : काय झालं?

ओचोला : आत काहीच नाही. वाळवीनं सगळी खाल्लीय. नुसती साल उभी होती. कशी राहिली इतकी वर्षं?

अपोंदी : दे इकडे. टाकू नकोस वरून, मोडेल.

आओको : थोरल्याबाई, तुम्हाला माहीत होतं?

अपोंदी : वादळी वारा सुटला की मी वर बघत नसे. तू का थांबलीस? रड ना. काल म्हणालीस ना.

आओको : रडतेय. तुमच्यासमोर आवाज निघत नाही.

अपोंदी : मी तिकडे तोंड करते. रड.

ओचोला : काठी फळासोबतच ठेवू. ओडुओर रात्रीच्या बसनं निघालाय, दुपारी पोचेल. तोवर खणून ठेवतो. थोरलीच्या घराच्या उजव्या अंगाला, इथंच ना?

अपोंदी : इथंच.

ओचोला : फळ हातभर आहे. दीड हात खणलं तरी पुरे.

अपोंदी : नाही. माणसासाठी खणतात तसं खण.

ओचोला : बरं. मग माझ्या मापानं खणतो.

अपोंदी : तुझ्या मापानं नको, ओचोला. तो उंच होता.