तात्यांचा हीटर

माझं पहिलं स्थळ हीटरनं मोडलं. खोटं वाटेल, पण ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मुंबईहून जीपसाठी विजेचा हीटर आणलेला. आत चिनीमातीच्या तापणाऱ्या पट्ट्या, वायर थेट बॅटरीला. ऐन थंडीत सकाळी लासुर्ण्याला मुलगी बघायला गेलो.

दारात जीप थांबली. मुलीचे वडील म्हणाले, "या की आत."

तात्या मला हळूच म्हणाले, "बस गप. लगेच उतरायचं न्हाय. मुलाकडचे हाय आपण."

इंजिन बंद, हीटर चालू. वडील बाहेर कुडकुडत उभे, आम्ही उबेत. तिसऱ्यांदा बोलावल्यावर तात्या उतरले. हीटर तसाच चालू राहिला.

पोहे खाऊन तात्यांनी मिशीवर हात फिरवला. "बघू. कळवतो."

बाहेर आलो, तर बॅटरी पार उतरलेली. मुलीचे वडील आणि भाऊ जीप ढकलायला लागले. मी उतरायला गेलो, तर स्टेअरिंगवरून तात्या ओरडले, "बस खाली! नवरदेव हाईस तू."

गल्लीच्या टोकाला इंजिन सुरू झालं. मुलीचे वडील धापा टाकत खिडकीपाशी आले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले,

"तात्या, तुमी नका कळवू. आमीच कळवतो."