नामदेवची साक्ष

साक्षीदाराचं नाव काढू नका माह्यासमोर! मी भिलाईले कारखान्याच्या कामावर आलो, तेव्हा माह्यं भंडाऱ्याकडचं गाव आन् भिलाई एकाच राज्यात होते. मंग सरकारनं नकाशावर रेघ मारली, गाव गेलं तिकडं मुंबई राज्यात, आन् मी जागचा न हलता इथं परका! पोराच्या कॉलेजसाठी कायमच्या रहिवाशाचा दाखला पाहिजे होता.

दाखल्याचा बाबू म्हणे, "साक्षीदार लाओ." मी शेजारच्या क्वार्टरमधल्या नामदेवले नेलं. माणूस सरळ, तेच चुकलं.

बाबूनं त्याले विचारलं, "ये यहाँ के परमनेंट हैं?"

"नाही साहेब! हा दर पोळ्याले गावी जाते. घरही तिकडंच बांधून राहिला. रिटायर झाल्यावर इथं एक दिवस थांबनार नाही म्हणते!"

बाबूनं अर्ज वापस केला. बाहेर येऊन मी भडकलो, "हे कावून सांगितलं बे?"

"मंग खोटं बोलू का? पोळ्याले बैल सजवाले तूच जातो ना?"

दाखला भेटेपर्यंत पोराचं वर्ष गेलं. आन् पुढच्याच महिन्यात नामदेव अर्ज घेऊन माह्या दारात! "माह्याही पोराले दाखला लागते. साक्षीले तूच चाल."

गेलो. बाबूनं तेच विचारलं, "ये परमनेंट हैं?"

म्हटलं, "एकदम परमनेंट, साहेब. याले मी इथंच गाडनार आहो."