पेजेतली तुळस

मनाली : आई, बाबांच्या पेजेत हे हिरवं काय घातलंयस?

मीनाबाई : हळू बोल की! भाईर बसल्यात, आयकतील.

मनाली : तुळस हाय ही! आपल्या दारात तुळस कधी लागली?

मीनाबाई : आपल्या दारात कशाला लागंल? तुझ्या आज्यानं बुद्धाची दीक्षा घेतली, तवापास्नं न्हाय. शेजारच्या अंबूबाईकडनं आणते. खोकल्याला पायजे म्हणून सांगितलंय. ती बी बघतच राहिली. ‘मीनाबाई, तुमी आन् तुळस?’

मनाली : बाबांना माहीत हाय?

मीनाबाई : डोस्कं फिरलंय का तुजं? कळलं तर वाटी भिताडावर मारतील. बारीक वाटून घालते. घशातल्या गाठीला किरणांचा शेक सुरू झाल्यापास्नं जिभेला चव कुठं हाय त्यांच्या?

मनाली : म्हणजे शेक सुरू झाल्यापास्नं देतीयास?

मीनाबाई : व्हय. दवाखान्याला जायच्या आधी, रोज. तूच म्हणालतीस की!

मनाली : मी? कधी?

मीनाबाई : कालिजात बोलायचं म्हणून आरशाफुडं हुबं राहून पाठ करत हुतीस. उंदरास्नी तुळशीचं औषध दिलं, मग किरणं सोडली. औषध घेतलेली उंदरं जगली, बाकीची मेली. म्हणालीस का न्हाय?

मनाली : सेमिनार होता तो, आई! दुसऱ्यांचा प्रयोग मी नुसता सांगत होते.

मीनाबाई : मग खोटं हाय व्हय ते?

मनाली : खोटं न्हाय. पण त्यांनी तुळशीतला घटक वेगळा काढून, मापात टोचलाय. आणि पुढचं ऐकलंस का?

मीनाबाई : पुढचं कुठलं? कुकर लावायला गेलते मी.

मनाली : त्या उंदरांना गाठ नव्हती, आई. चांगली धडधाकट उंदरं होती ती.

मीनाबाई : मग?

मनाली : मग काय मग! किरणं गाठ जाळायला देत्यात. आजूबाजूचं चांगलं मांस पण त्यात भाजतंय. ते तुळस वाचवत असंल. पण गाठ बी त्याच अंगातली. तिलाही वाचवत असंल तर?

मीनाबाई : म्हंजे... मी गाठीला पाजलं?

मनाली : तसंच झालं असंल असं न्हाय गं. गाठीला ती वाचवत न्हाय, असं पण म्हणत्यात. पण माणसांवर नीट कुणी बघितलेलंच न्हाय. कुणालाच ठाऊक न्हाय, त्याचंच भ्या वाटतंय मला.

मीनाबाई : आगं आई गं! गळा काळा पडलाय, पाण्याचा घोट गिळताना डोळ्यातनं पाणी येतंय त्यांच्या. माझ्यानं बघवंना. म्हटलं, वरनं भाजत्यात तर आतनं तरी गार राहू दे.

मनाली : वाटी दे हिकडं. डॉक्टरांना सांगायला पायजे.

मीनाबाई : नगं नगं! वरडतील. शेक बंद केला म्हंजे? ‘तुमचं तुमी बघा’ म्हणाले, तर कुठं जायचं आपण? आन् मग ह्यास्नी बी कळंल.

(बाबासो दारात येऊन उभे आहेत. आवाज जेमतेम निघतो.)

बाबासो : कळलंय.

मीनाबाई : अगं बया! आयकलासा समदं?

बाबासो : पयल्याच दिवशी कळलं. चव गेली, नाक हाय की जाग्यावर.

मीनाबाई : आन् गप पिलासा? सायबाच्या घरच्या पूजेत तीर्थाला हात लावला न्हाईसा, सायेब रुसला तरी! आन् ही पिलासा?

बाबासो : तवा मला काय झालं नव्हतं.

मनाली : बाबा, मला विचारायचं की एकदा.

बाबासो : तू नको म्हणाली असतीस.

मनाली : व्हय. म्हणालेच असते.

बाबासो : म्हणून न्हाय इचारलं. भ्या वाटतंय, बाळ. फळीवर निजवत्यात, मुंडकं हालू नये म्हणून अडकवून टाकत्यात, आन् समदी भाईर पळत्यात. येवढं जाड दार लावून घेत्यात. आत मी आन् ते मशिन. तवा वाटायचं, पोटात कायतरी आपल्या बाजूचं असू दे.

मनाली : आता नको, बाबा. उद्या आधी डॉक्टरांना सांगायचं. मी सांगते.

बाबासो : मी सांगतो. हिचं नाव नको घेऊस. मीच मागून घेतली म्हणतो.

मीनाबाई : अवो...

बाबासो : गप. रडू नको. तू काय इख घातलंस व्हय?

मनाली : उद्या मी येते बरोबर. कॉलेज बुडू दे.

बाबासो : आत येऊ देत न्हाईत कुणाला.

मनाली : माहीत हाय.

बाबासो : दारापतोर ये.