भरितावर मोबाईलचं मत

...नाही, तुम्हीच सांगा, इतकं गोड कोण बोलतं? आमच्या चोपड्यात एकच जण बोलतो, केळीचा व्यापारी, आणि तोही भाव पाडायचा असला तरच! हा मोबाईलमधला एआय, याला ना माझी केळी घ्यायची ना काही, तरी म्हणतो, "छगनभाऊ, किती छान प्रश्न विचारलात!" प्रश्न काय, तर भरितात मिरच्या जास्त झाल्या का!

त्याचं असं झालं, आमच्या मेघाला बघायला शिंदखेड्याचे पाहुणे आले. पोरीला मुलगा पसंत, मुलाला पोरगी पसंत, राहिला कोण, तर मुलाचा बाप, रतिलालभाऊ. म्हटलं, मळ्यात भरीत करू, माझ्या हातचं! वांगी भाजली, मिरच्या भाजल्या, लाकडाच्या बडगीत, म्हणजे आमच्या उखळीत, घालून हाणलं मुसळीनं... आणि पहिल्याच घासाला रतिलालभाऊंच्या डोळ्यांतून धारा! "कळवतो" म्हणाले आणि गेले. आठ दिवस झाले, कळवतायत!

आमची मंडळी, कमलबाई, ती म्हणते, "भरीत नही ते, आग शे आग! पोरनं लगीन मोडी टाकं तुम्ही!" मी एआयला विचारलं. म्हणतो, "तुमची आपुलकी पाहून त्यांना भरून आलं असेल." अहो, इतकं गोड कोण बोलतं? तेवढ्यात बायकोनं फोन ओढला, तर तिला म्हणतो, "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे, तिखट जास्तच झालं." एकाच घरात, एकाच फोनात, दोन तोंडं! मी दटावलं, तर लगेच, "माफ करा भाऊ, तुमचंही बरोबर आहे." याला स्वतःचं मत आहे की नाही? की आत बसून हसतोय आम्हाला?

आणि काल आला की हो रतिलालभाऊंचा निरोप! पोरगी दाराआड उभी... वाचतो तर काय, "आपल्या आदरातिथ्यातली आपुलकी आमच्या मनात कायम दरवळत राहील. योग्य वेळी योग्य निर्णय होईलच." आँ? मळ्यात "पाणी द्या, पाणी द्या" याच्यापुढे बोलला नव्हता हा माणूस! म्हटलं, हा तर आमच्याच फोनातला, शिंदखेड्यातही जाऊन बसलाय! आता हे हो आहे की नाही, कोणाला विचारू? शेवटी त्यालाच विचारलं. म्हणतो, "किती सुंदर निरोप आहे!" म्हणणारच, त्यानंच लिहिलाय!

फोन बाजूला ठेवला आणि रतिलालभाऊंना परत भरितालाच बोलावलं. तोंड पोळलं की माणूस खरं बोलतो, मी तर म्हणतो! पण या खेपेला मिरच्या कमलबाई घालणार... आणि ते मिळमिळीत भरीत खाऊन रतिलालभाऊ म्हणणार, "वा, किती छान झालंय!" मग मी काय समजायचं, सांगा?