स्तंभावरचं तिसरं नाव

भूमिका : दार कशाला लावलंस आजी? बाहेर कोणी नाहीये.

बेबाबाई : हळू बोल. ते पत्र परत वाच.

भूमिका : 'जवान चैत्राम हे बहात्तर साली रजेवरून परत आले नाहीत. नोंद, फरार. खदानीजवळच्या स्तंभावरचं नाव काढावं लागेल.' उद्या धुळ्याहून सैनिक कार्यालयाचे साहेब येणार, घरच्यांचं म्हणणं लिहून न्यायला. आजी, आजोबा पळून गेले होते?

बेबाबाई : तोंड सांभाळ! तुन्हा आजा कोठेच पळना नही.

भूमिका : मग कुठे गेले?

बेबाबाई : आठेच. खदानमा.

भूमिका : इथेच, खाणीत? म्हणजे?

बेबाबाई : लढाई सरनी, त्या सुटीवर येल व्हतात. तुन्हा बाप सहा महिनाना. खदानमा एक सुरुंग उडना नही, तसाच राही गया. मालकनं बोलावणं उनं. म्हणे, तू फौजी शेस, तुले सुरुंगनी दारू समजस. अर्धी भाकर ताटमा टाकी गयात. धमाका माले घरमा ऐकू उना.

भूमिका : पोलीस नाही आले?

बेबाबाई : येऊच दिधा नही. मालकनी सगळा गाव गोळा करीसन दम दिधा. तोंड उघडं तर खदान बंद, मग खाशात काय? गावना दोन जवान पोऱ्या लढाईमा खरंच मरेल व्हतात. त्यास्ना स्तंभ उभा व्हत व्हता. मालकनी तिसरं नाव तुन्हा आजानं कोरी लिधं. दगडबी त्याच खदानना.

भूमिका : हेच साहेबांना सांग ना.

बेबाबाई : नि तुन्हा बाप? तो आजबी त्याच खदानमा कामले शे. मालकना नातू, तो हितेंद्रशेठ, काल ओट्यावर बसी गया. हासत म्हणे, "आजी, म्हातारपणी काही आठवत नाही, असंच सांगायचं."

भूमिका : पण नाही सांगितलं तर आजोबा कायमचे पळपुटे.

(बेबाबाई कोरा कागद भूमिकाच्या पुढ्यात सरकवते.)

बेबाबाई : लिही.

भूमिका : नक्की?

बेबाबाई : भ्याव वाटस. तरी लिही. नाव काढानं ते काढोत. माणूस कोठे मरना, ते लिही.

भूमिका : मालकाचं नावही?

बेबाबाई : तेबी.

भूमिका : लिहिलं. इथे अंगठा दे... आणि बाबांना काय सांगू?

बेबाबाई : फोन लाव त्याले. सांग, माय बलावस. हातमानं काम ठेव नि घर ये.