‘राहून राहिली’बद्दल माझं मत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचा कारभार सतरा वर्षं सांभाळणारे माननीय उमाकांतराव देवपुजारी, प्रमुख पाहुणे आणि आपल्या मुलांना मराठी शिकवणारे आदरणीय अच्युतराव खानझोडे सर, महिला शाखेच्या साधनाताई, पोलाद कारखान्यातल्या रेल मिलच्या टाइम ऑफिसातले माझे सहकारी, आणि सेक्टरांतून, हुडको कॉलनीतून, दुर्गहून आपला रविवार खर्ची घालून आलेल्या बंधू-भगिनींनो,

माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकायची मला सवय नाही. छत्तीस वर्षं मी लोकांची हजेरी लिहिली. उशिरा येणाऱ्याला उशीर लिहिणारा माणूस कोणाचा लाडका असतो? पण आज सगळे म्हणाले, वैरागडेंसारखा प्रेमळ माणूस मिळणार नाही. निवृत्त माणसाबद्दल खोटं बोलायला नियमाची आडकाठी नाही, हे मला ठाऊक आहे.

उमाकांतराव आणखी एक म्हणाले. “दयारामजींची कन्या चारुलता हिनं मुंबईत भिलाईचं नाव उज्ज्वल केलं.” आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता आभार मानून खाली बसायला हवं, पण त्या टाळ्यांबद्दल थोडं बोलायचं आहे. पाच मिनिटं द्या.

नवीन मंडळींसाठी सांगतो. चारू इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती तेव्हा चार मुलांबरोबर एका बँडमध्ये गायची. बँडचं नाव ‘स्लॅग’. लोखंड काढून घेतल्यावर भट्टीत जे उरतं, ते. नाव त्यांनीच ठेवलं होतं, आपण ठेवायची गरज पडली नाही. पुढे ती मुंबईला गेली, बँड सोडला आणि मागच्या जूनमध्ये एकटीची कॅसेट काढली. नाव ‘राहून राहिली’. गाणी आपल्या घरच्या बोलीतली, साथीला एक गिटार आणि एक ढोलकी. कॅसेटच्या कागदावर छापलं होतं, अल्टरनेटिव्ह रॉक. आमच्या ऑफिसात एकानं विचारलं, “अल्टरनेटिव्ह म्हणजे काय, एक दिवसाआड गाते का?”

मग आपल्या भिलाईत दोन तट पडले. खरं तर चार-पाच पडले. हुडकोतली मुलं म्हणाली, बँड सोडला ही गद्दारी आहे, ड्रमशिवाय रॉक होतं का कधी. साधनाताईंना पहिलं गाणं आवडलं आणि बाकीची ऐकवेनात. हे त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या, म्हणून मी त्यांचा आभारी आहे. एका सद्गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, मुलीचा आवाज फार भारदस्त झाला हो, अगदी पुरुषी वाटतो. नंतर कळलं की त्यांच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते. ते आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मी नाव घेत नाही, त्यांनी मान खाली घालू नये.

आणि आपलं मंडळ. कार्यकारिणीची खास बैठक झाली. विषय असा, की गणेशोत्सवात चारुलताचा कार्यक्रम ठेवावा का. उमाकांतराव, तुमचं वाक्य मला पाठ आहे. तुम्ही म्हणालात, “हे का मराठी आहे का? मले-तुले! असं कोण बोलते? आमाले लोकं हासतीन ना.” कोणीच हसलं नाही. कारण आपण सगळे तसंच बोलतो. ठराव एकमतानं झाला की भाषा अशुद्ध आहे, कार्यक्रम ठेवू नये. मी त्या बैठकीत होतो. एकमतात माझंही मत होतं. मुलगी माझी, म्हणून मी तटस्थ राहायला हवं असं कोणी म्हटलं नाही, आणि मीही राहिलो नाही.

असं कावून केलं? त्याला कारण आहे. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं आहे. त्यात ती म्हणते, ‘बाबा घड्याळ पाहून राहिले, माह्याकडे पाहिलंच नाही.’ चारू प्रॅक्टिसहून घरी आली की मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचो. तिला म्हणायचो, “सात वाजून वीस मिनिटं.” बस्स, एवढंच. कुठे गेली होती, काय गायली, घसा कावून बसला, हे मी विचारलं नाही. ऑफिसातून मी घरी यायचो, पण ऑफिस माझ्यातून निघत नव्हतं. आणि ही गोष्ट तिनं गाण्यात घातली, आणि ती कॅसेट सिव्हिक सेंटरच्या दुकानात कोणीही विकत घेऊ शकत होतं.

मला फार राग आला. तेव्हा मला तो अपमानाचा वाटला.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एक पत्र छापून आलं, आपल्याला आठवत असेल. खाली सही होती, ‘एक रसिक’. पत्रात लिहिलं होतं की या कॅसेटमध्ये सुराचा पत्ता नाही, भाषेला आगापिछा नाही, आणि ज्या घरानं वाढवलं त्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली आहे, सबब ही कॅसेट सुसंस्कृत घरात वाजवण्यालायक नाही. काय गाजलं ते पत्र. लोकांनी मला थांबवून थांबवून सांगितलं, दयारामजी, वाईट वाटून घेऊ नका, पण लिहिलं मात्र चोख. एकांनी तर मला वाक्यं म्हणून दाखवली. मी ऐकून घेतली.

मग चर्चा सुरू झाली, हा रसिक कोण. इतकी सफाईदार मराठी दुसऱ्या कोणाची असणार? सगळ्यांची बोटं खानझोडे सरांकडे गेली. सर हो म्हणाले नाहीत. सर नाहीही म्हणाले नाहीत. नुसते हसले. कोजागरीला आपण ‘निर्भीड समीक्षक’ म्हणून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल मीच खांद्यावर घातली. 

ते पत्र मी लिहिलं होतं.

बसा, सर. पाणी घ्या. शाल तुमच्याकडेच राहू द्या, मला नको.

हे घरी सगळ्यात आधी कळलं माझ्या पत्नीला, कलावतीला. तिनं स्मरणिका वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, “तुमी पोरीले असं लिवलं?” मी म्हणालो, खाली माझं नाव आहे का? ती म्हणाली, “नाव नाही, म्हणूनच इचारून राहिली.” त्यानंतर आमच्या घरी अकरा दिवस स्वयंपाक झाला, बोलणं झालं नाही. आणि तिनं ती स्मरणिका पाकिटात घालून मुंबईला पाठवून दिली.

दिवाळीत चारू आली. मला वाटलं, येणारच नाही. आली, पाया पडली, फराळाला बसली. मग पिशवीतून स्मरणिका काढली आणि म्हणाली, “बाबा, ‘सबब’ हा शब्द अख्ख्या भिलाईत तुमच्याशिवाय कोणी लिवत नाही.”

मी ताटातली चकली मोडली.

“तुमी लिवलं की पाचव्या गाण्यात मी शब्दाच्या मधातच श्वास घेते. शब्द तुटते. कितीदा ऐकली कॅसेट?”

मी म्हणालो, “दोन-तीनदा.”

आतून कलावती म्हणाली, “खोटं बोलून राहिले. फीत गुंतून तुटली, दुसरी आणली.”

चारू हसली नाही. म्हणाली, “मुंबईत एवढ्या लोकांनी ऐकली. कोणी चांगली म्हणे, कोणी भंगार म्हणे. तो श्वास कोणालेच सापडला नाही. तुमाले सापडला. तुमचं बरोबर होतं, मी तसं गायला नको होतं.” मला वाटलं, सुटलो. मग ती म्हणाली, “वाईट लिवलं त्याचं मले काही नाही वाटलं. नाव कावून नाही टाकलं? मी तर माह्या नावानं गायली.”

  ती चार दिवस राहिली. जाताना मी तिला दुर्ग स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो आणि मी तिला विचारलं की पाचवं गाणं कुठे आणि कसं बसवलं. तिनं सांगितलं. मला निम्मं समजलं नाही, तरी मी विचारत राहिलो.

पुढचं आपल्याला माहीत आहे. डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजी पेपरात तिचा फोटो आला, आणि ज्या भाषेला आपण अशुद्ध ठरवलं होतं, ती एकदम ‘आपल्या मातीची बोली’ झाली. उमाकांतरावांनी आज सकाळी मला विचारलं, पुढच्या गणपतीला चारू येईल का. मी म्हणालो, तिलाच विचारा. आणि विचारताना तुम्ही घरी बोलता तसं बोला, तिला लवकर समजेल. आपल्यापैकी कितीजणांनी ती कॅसेट ऐकली, हे मी विचारत नाही. मी आता टाइम ऑफिसात नाही.

फक्त एक विनंती. पुढच्या स्मरणिकेत एक छोटी दुरुस्ती छापावी. मजकूर असा: ‘राहून राहिली’ या कॅसेटमधली दोन गाणी मला आजही आवडत नाहीत. पाचव्यात शब्द तुटतो. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात जे म्हटलं आहे, ते खरं आहे. खाली नाव, दयाराम गणपतराव वैरागडे, गायिकेचे वडील.

आपण माझा सन्मान केलात, इतकं सगळं मुकाट ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करावी. आणि क्षमा करवत नसेल तर खुशाल नावं ठेवावीत. फक्त खाली आपलं नाव लिहावं.